न पुसलेली कांडी

श्रीमंत कासार मुंबईहून तिसगावला परत आला तेव्हा त्याने दोन गोष्टी बरोबर आणल्या होत्या. एक भाता आणि एक नियम. भाता चामड्याचा, पायाने दाबायचा. त्याच्या वाऱ्याने रॉकेलच्या दिव्याची ज्योत आडवी होई, तिचं टोक निळं पडे आणि त्या टोकात काचेची कांडी धरली की ती काकवीसारखी ओघळू लागे. नियम तिथल्या मण्यांच्या कारखान्यातल्या उस्तादाचा होता: कांडी पुसल्याशिवाय ज्योतीत धरायची नाही. तिला धूळ, तेल, राख काहीही लागलेलं असलं तर काचेत बुडबुडा राहतो, आणि बुडबुड्याचा मणी म्हणजे नासका मणी.

कांड्या पुसायचं काम त्याने बायकोकडे दिलं. कडूबाई तेव्हा पंधरा वर्षांची होती. जुन्या धोतराचं फडकं घेऊन ती रोज सकाळी जुडीतली एकेक कांडी वरपासून खालपर्यंत पुसायची, उजेडात धरून बघायची आणि नवऱ्याच्या उजव्या हाताला ठेवायची. असं सव्वीस वर्षं चाललं. १९६७ च्या उन्हाळ्यात श्रीमंत पोटाच्या दुखण्याने गेला. मूलबाळ नव्हतं. दिराने विचारलं, आता भाता विकायचा का? कडूबाई म्हणाली, नाही, आणि महिन्याभराने ती स्वतः दिव्यापुढे बसली. इतकी वर्षं शेजारी बसून बघितलेलं होतं. तारेला चिकणमातीचा हात द्यायचा, वितळलेली काच तारेवर गुंडाळायची, तार फिरवत राहायची, मणी गोल झाला की राखेच्या मडक्यात खोचायचा. राखेत तो सावकाश निवतो. उघड्यावर निवला तर तडकतो. पहिल्या पावसाळ्यात निम्मे मणी तडकले, दुसऱ्यात चार-दोन. कांड्या पुसायचं काम मात्र तिचं तिच्याकडेच राहिलं.

गिऱ्हाईक ठरलेलं होतं. पोतीचे काळे मणी गावोगावच्या बायकांना, निळे जाड मणी जनावरांच्या गळ्याला. मढीची जत्रा तिसगावहून चालत जाण्यासारखी. होळीपासून पाडव्यापर्यंत तिथे मुलुखातले भटके लोक येतात, गाढवांचा बाजार भरतो. दृष्ट लागू नये म्हणून गाढवालाही निळा मणी लागतो. वर्षाची निम्मी विक्री त्या पंधरा दिवसांत व्हायची.

आणि त्या पंधरा दिवसांतला एक दिवस साळूबाईचा असायचा.

साळूबाई वैदूंच्या पालातली. दारोदार सुया, दोरे, काळे मणी विकायची. मढीला जाता-येता ती कडूबाईच्या ओसरीवर अर्धा दिवस बसायची, वर्षाचा माल घ्यायची आणि वर्षाच्या बातम्या सांगायची. कोणत्या गावात पाणी गोड, कुठला पाटील कुत्री सोडतो, कोणाची सून पळाली. कडूबाईकडे सांगण्यासारखं फारसं नसायचं. ती मणी मोजायची आणि ऐकायची.

१९७२ च्या जत्रेत साळूबाई आली ती दारातूनच ओरडली, "कासारीन, हाईस का? का मेलीस उन्हानं?"

"मेले असते तर दार कुनी उघडलं असतं?"

"त्ये बी खरं. पानी दे आदी."

पाणी पिऊन तिने पदराची गाठ सोडली. आत हिरव्या मण्यांची तुटकी माळ होती. हरभऱ्याच्या घाट्याएवढे मणी, रंगही घाट्याचाच. वीस मणी शाबूत होते. एकाचे चार तुकडे झाले होते.

"गाढवानं पाय दिला," साळूबाई म्हणाली.

"गाढवाला दुसरी जागा न्हाई गावली?"

"माळ मीच भुईवर ठिवली हुती. आता गाढव मी का त्ये, तूच ठरीव."

कडूबाईने एक मणी उचलून उजेडात धरला. आत बारीक बुडबुडे होते, पुष्कळ. काचेच्या पेल्यात रात्रभर पाणी ठेवलं की सकाळी पेल्याच्या अंगाला जसे बुडबुडे धरतात, तसे. उजेडात मणी आतून ओला असल्यासारखा दिसत होता.

"असाच एक करून दे," साळूबाई म्हणाली. "आत फुगं असल्याला."

"असला मनी आमी करीत न्हाई. ह्यो नासका."

"नासका? सव्वीस वर्सं गळ्यात हाय माझ्या! तुझ्या नवऱ्यानंच दिला. तू नव्हतीस तवा. दारात उभी ऱ्हायले तर आतून करपल्याचा वास. म्हनलं, कासारा, मनी जाळतोस काय? तर म्हनला, मनी न्हाई बाई, भाकरी हाय."

कडूबाई हसली. "तवा मी मिरीला हुते, माहेरी. बाळंतपनाला."

साळूबाईला ते माहीत होतं. मूल आठ दिवस जगलं, हेही माहीत होतं. तिने विषय बदलला. तिच्या मुलाचं लग्न पुढच्या जत्रेत ठरलं होतं. तिच्या घरची रीत अशी की हळदीच्या दिवशी सासूने आपल्या गळ्यातली माळ सुनेच्या गळ्यात घालायची. साळूबाईला सासू नव्हती, म्हणून तिची माळ तिने श्रीमंतकडून नवी घेतली होती. मणी एकवीस. वीस चालत नाहीत.

"फुडल्या साली घेऊन जाते," ती उठता उठता म्हणाली. "आन काळं मनी ह्या साली निम्मंच दे. गावात पोरी पलास्टिक मागत्यात."

ती गेल्यावर कडूबाईने चार तुकडे गोळा करून करंड्यात ठेवले. कुंकवाचा करंडा पाच वर्षं रिकामाच होता.

त्या साली पाऊस आला नाही. आषाढ गेला, श्रावण गेला. श्रावणी अवसेला पोळा झाला पण बैलांच्या गळ्यात घालायला कोणी मणी नेले नाहीत, कारण बरेच बैल चारा छावणीत किंवा बाजारात गेले होते. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या नेहमीप्रमाणे कारखान्यांकडे गेल्या आणि उरलेले लोक दुष्काळी कामावर खडी फोडायला. दिवस उगवला की गल्ली मोकळी व्हायची. शेजारची भागूबाई घमेलं घेऊन निघताना हाक मारायची, "चल की गं, सुकडी मिळती, चार मानसं भेटत्यात." कडूबाई जात नसे. हातोडीने बोटं गेली की तारेवर काच फिरवता येत नाही. गल्लीत मग ती आणि एक मांजर राही. कधी कधी दुपार कलेपर्यंत तिच्या तोंडून शब्द निघालेला नसे, आणि रॉकेलच्या रांगेत नाव सांगताना आवाज घोगरा यायचा.

हिरव्या मण्याचं काम तिने दिवाळीनंतर काढलं. रॉकेल मोजकं मिळे, म्हणून दिवसाला तीन मण्यांपुरताच दिवा पेटवायचा असं ठरवलं. पहाटे उजाडतानाच ती बसायची.

पहिल्यांदा तिला गोटीसोड्याची बाटली आठवली. तिच्या जाड काचेत बुडबुडे असतात, रंगही हिरवट. स्टॅंडवरच्या दुकानातून तिने फुटकी बाटली मागून आणली. काच वितळली पण बुडबुडे वर येऊन निघून गेले. मग तिने हिरव्या कांडीवर बाटलीच्या काचेचा थर दिला. मणी दिसायला बरा झाला. राखेतून काढला तेव्हा मधोमध चिरलेला होता. दोन कारखान्यांच्या काचा एकमेकींशी जमत नाहीत. गरम असतात तोवर जमतात, निवताना भांडतात. श्रीमंत हे सांगायचा. तरी तिने अकरा मणी करून बघितले आणि अकराही चिरले.

मग पापडखार. तो तापला की फुगतो, हे कोणत्याही बाईला माहीत असतं. तिने मऊ काच पापडखाराच्या भुकटीत लोळवली आणि वरून हिरव्या काचेचा दुसरा थर दिला. काच फसफसली. मण्याला गळू आल्यासारखे फोड आले, रंग राखी झाला. भुकटी कमी केली तरी तेच. एक मणी दोऱ्यात ओवताना बोटातच फुटला आणि अंगठा कापला.

त्याच दिवशी भागूबाई भाकरीसाठी विस्तव मागायला आली. फळीवरचे बाद मणी बघून म्हणाली, "एवढं राकेल जाळून ह्ये केलंस? आमच्यात दिवा लावाया थेंब न्हाई."

"एक मनी करायचाय."

"एकच? कुनाला?"

"साळूबाईला. वैदनीला."

"ती काय तुझ्या नात्याची?"

कडूबाईने खापरीवर विस्तव काढून दिला. नात्याची नव्हती, आणि दुसरा शब्द तिला चटकन सुचला नाही.

तिसऱ्या खेपेला तिने सुई वापरली. मऊ मण्याला सुईच्या टोकाने खळगे पाडायचे आणि वरून काच ओढून ते झाकायचे, म्हणजे खळग्यातली हवा आत अडकते. हे जमलं. बुडबुडे झाले, मणी चिरला नाही. पण बुडबुडे रांगेत बसले, शाळेतल्या मुलांसारखे, सगळे एका मापाचे. तिने करंड्यातला तुकडा शेजारी ठेवून बघितला. आंधळ्यालाही फरक कळला असता. सुईचे मणी तिने बावीस केले. पौष संपला.

माघात तिला ताप आला. आठ दिवस ती अंथरुणावर होती. भागूबाई सकाळी कामावर जाताना आणि संध्याकाळी परतताना डोकावायची, पेज ठेवायची. "उठ गं बाई, तुझ्यावाचून मांजर उपाशी हाय," म्हणायची. मधले सगळे तास कडूबाई आढ्याकडे बघत पडून असे. हिरव्या कांड्यांची जुडी चुलीवरच्या खुंटीला टांगलेली होती. आजारी पडायच्या आदल्या दिवशी उंदीर कांड्या पाडून फोडतील या भीतीने तिने ती तिथे टांगली होती. खाली चूल पेटे, भागूबाईने पेज गरम केली की धूर वर जाई, तुराट्यांची राख उडे.

नवव्या दिवशी ती उठली. अंगात जोर नव्हता, पण पहाटे दिव्यापुढे बसायची सवय होती. जुडी काढली. फडकं कुठे ठेवलं ते आठवेना, शोधायला उठावंसं वाटेना. म्हणून जन्मात पहिल्यांदा तिने न पुसलेली कांडी ज्योतीत धरली.

काच वितळू लागली तेव्हाच तिला दिसलं. कांडीच्या अंगावरची राखाडी पूड काचेत मुरत होती आणि ती मुरेल तिथे बारीक ठिपके उमटत होते. तारेवर एक वेढा, दुसरा, तिसरा. प्रत्येक वेढ्याखाली ठिपके अडकले आणि फुगले. कुठे दाट, कुठे विरळ, कुठे एकच. तिने मणी राखेत खोचला, दिवा विझवला आणि निवेपर्यंत तिथेच बसली. दुपारी काढला. करंड्यातल्या तुकड्यापुढे धरला.

मग तिला समजलं, आणि ते समजायला वेळ लागला नाही. ती मिरीला होती. घरात कांड्या पुसणारं कोणी नव्हतं. श्रीमंत भाकरी थापत होता, करपवत होता, त्याच चुलीवर कांड्या टांगलेल्या होत्या आणि पुसायचं काम आपलं नाही म्हणून त्याने ते केलं नव्हतं. ती परत आली, रिकाम्या ओटीने, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फडकं घेऊन बसली. त्यानंतर घरात असा मणी झाला नाही. तिने होऊ दिला नव्हता.

श्रीमंतने तिला हे कधी सांगितलं नव्हतं. नासका माल वैदिणीला स्वस्तात देऊन टाकला, यात सांगण्यासारखं त्याला काही वाटलं नसेल.

पुढच्या चार दिवसांत तिने आणखी नऊ मणी केले आणि त्यांतला एक निवडला. जत्रेला महिना होता. निवडलेला मणी करंड्यात ठेवून झाकण लावताना तिच्या मनात पहिल्यांदा हिशेब आला: हा दिला की काम संपलं. काळे मणी साळूबाईने गेल्या वर्षीच निम्मे केले होते. माळ पुरी झाली, सुनेच्या गळ्यात गेली, मग तिसगावच्या ओसरीवर बसायला तिला कारण काय?

रंगपंचमीनंतर तिसऱ्या दिवशी साळूबाई आली. वाळली होती. वाटेत दोन गाढवं मेल्याचं तिने पाणी पिता पिता सांगितलं. कडूबाईने गुळाचा कोरा चहा केला.

"लगीन परवा," साळूबाई म्हणाली. "मनी झाला का?"

"न्हाई जमला. फुडल्या साली बघू."

हे वाक्य ती आठ दिवस मनात म्हणत होती, त्यामुळे ते सहज निघालं.

"हात्तिच्या!" साळूबाई म्हणाली. रागावली नव्हती. "मला वाटलंच. म्हून सोय करून आले." तिने गाठ सोडली. वीस मणी ताटलीत ओतले आणि त्यांच्यावर एक हिरवा मणी टाकला. "जत्रंत घेतला. पलास्टिक. रंग तोच हाय का न्हाई? नवी पोरगी, तिला काय कळतंय. आता दोरा काढ आन ओवून दे. तुझ्या हातची गाठ सुटत न्हाई."

कडूबाईने दोऱ्याला मेण लावलं. एकेक मणी ताटलीतून उचलून ओवायला लागली. काच काचेवर आपटून आवाज येत होता. दहा झाले, पंधरा झाले, वीस झाले. मग तिने एकविसावा उचलला. त्याला वजनच नव्हतं. मधोमध साच्याची रेघ होती आणि आरपार बघितलं तर आत काहीच नव्हतं. तिने तो ताटलीत परत टाकला. आवाजही आला नाही.

ती उठली, आत गेली आणि करंडा घेऊन आली.

साळूबाईने मणी उजेडात धरला, डोळा बारीक केला, ताटलीकडे बघितलं, पुन्हा मण्याकडे. "ह्यो काय?"

"तुझा मनी."

"मंग न्हाई का म्हनलीस?"

"राखंत हुता. निवला नव्हता."

दिव्याशेजारी राखेचं मडकं होतं. जत्रेच्या धावपळीत चार दिवस दिवा पेटला नव्हता. साळूबाईने बसल्या जागेवरून हात लांबवला आणि मनगटापर्यंत राखेत घातला. राख गार होती. वर मांजराच्या पावलांचे ठसे उमटले होते. तिने हात काढला, पदराला पुसला.

"व्हय," ती म्हणाली. "राखंत येळ लागतो."

कडूबाईने मणी ओवला आणि गाठ मारली. साळूबाईने माळ गळ्यात घातली, हळदीपर्यंत, आणि मणी बोटांनी चाचपत बसली. "तुझा कंचा आन कासाराचा कंचा, कळंना."

"गाठीजवळचा माझा," कडूबाई म्हणाली. मग तिने वाकून बघितलं. गाठीच्या दोन्ही बाजूंना एकेक मणी होता, आणि त्यांतला कोणता, हे तिलाही सांगता आलं नसतं.

ऊन उतरेपर्यंत साळूबाई बसली. इतर वर्षांपेक्षा जास्तच बसली. बातम्या मात्र कमी होत्या; सगळ्या गावांतून एकच बातमी होती. उठताना कडूबाईने विचारलं, "काळं मनी?"

"ह्या साली नको. कोन घेतंय." तिने पिशवी खांद्याला लावली. "पोरगं पुन्याकडं जायचं म्हनतंय, सडकंच्या कामाला. समदी पालं तिकडंच हालतील. तू हितंच का?"

"मी कुटं जाते."

"मंग गावशील," साळूबाई म्हणाली आणि मढीच्या वाटेला लागली. हिरवी माळ पाठमोरी दिसत नव्हती.

प्लॅस्टिकचा मणी ताटलीत राहून गेला होता. कडूबाईने तो करंड्यात टाकला. चार तुकडे तिथेच होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने फडकं घेतलं. काळ्या कांड्यांची जुडी पुसली, निळ्या कांड्यांची पुसली. हिरवी जुडी हातात घेतली, तिची सुतळी घट्ट केली आणि चुलीवरच्या खुंटीला टांगली. मग चूल पेटवली. भाकरी एकच करायची होती. तुराट्या तिने नेहमीपेक्षा दोन जास्त घातल्या.